नावाचं टोपलं

आमच्या गावात कुणालाच जन्मतारीख नव्हती. वय विचारलं की माणूस आधी एखादं संकट सांगायचा. माझे सासरे टोळधाड आली त्या साली जन्मले. सासूचं लग्न गारांनी मांडव फाडला त्या साली झालं. शेजारच्या म्हातारीची लेकरं पटकीच्या आधीची आणि पटकीच्या नंतरची, अशी दोनच तऱ्हेची होती. चांगल्या सालाची आठवण कुणी ठेवत नसे. पाऊस वेळेवर पडला, ज्वारी घरात आली, तर ते साल बिनबोभाट विसरलं जायचं. नवी नवरी होते तेव्हा मला या मोजणीची फार गंमत वाटायची. पुढं माझंही एक साल तिच्यात जमा झालं.

मी नळदुर्गाकडची. माहेरी आई कानडीत बोलायची आणि बाप मराठीत भांडायचा, त्यामुळं आम्हा लेकरांना दोन्ही भाषा यायच्या. बेंबळीच्या पलीकडच्या या लहानशा गावात मला दिली, तेव्हा राज्य निजामाचं होतं आणि मला अजून पदर नीट सावरता येत नव्हता. इथं कानडीचा एक शब्द कुणाला कळत नव्हता. मी चुकून पाण्याला नीरु म्हणाले की सासू सगळ्या गल्लीला सांगायची. मग मी कानडी बोलायची ती जात्याशी आणि चुलीशी. नवरा तेवढा बरा होता. त्यानं माझ्याकडून एकच वाक्य शिकून घेतलं, ‘ऊटा आयता?’ म्हणजे जेवण झालं का. रानातून आला की ओसरीवर पाय धुता धुता हळूच विचारायचा. त्याचा उच्चार ऐकून माझ्या आईनं कपाळाला हात लावला असता. मला मात्र तेवढ्यानं दिवस निभायचा.

घर माळवदाचं होतं, तिकडं सगळीच तशी होती. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि पाला, आणि सगळ्यांच्या वर पांढऱ्या मातीचा सपाट थर. ही माती भिजली की चिकट होते, चोपली की भेगा बुजतात आणि पाणी आत येत नाही. दर साली अखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, पावसाच्या आधी, माळवदावर नवी माती टाकायची. आमच्या गावात ती नुसती टाकत नसत. घरातल्या प्रत्येक जित्या माणसाच्या नावानं एकेक टोपलं वर जायचं. तान्ह्या लेकराचं टोपलं आई न्यायची. नवी सून आली की तिचं पहिलं टोपलं तिच्याच डोक्यावर देत, आणि ती शिडी चढताना खालून बायका गाणी म्हणत. मीही चढले होते. अर्ध्यावर पाय सटकला तेव्हा वरून नवऱ्यानं दंड धरला आणि खालच्या बायकांना हसायला वर्षभराचा विषय मिळाला.

वर गेलेली माती मात्र कुणी खाली काढत नसे. माळवद उतरवायचं ते घर बसलं, वंश बुडाला, तर. माझ्या माहेरी निराळं होतं. माझा बाप दोन-तीन सालांनी जुनी माती खरवडून टाकायचा आणि मगच नवी घालायचा. पहिल्याच साली मी हे सासूला सांगून बघितलं. ती म्हणाली, माहेरची अक्कल माहेरच्या उतरंडीत ठेवून यायची असते. तेव्हापासून मी गप्प बसले, पण माझी नजर वर जायची ती जायचीच. आज्या-पणज्यांपासूनची सगळी माणसं आमच्या डोक्यावर होती. मेलेल्यांची नवी टोपली थांबायची, पण जुनी तिथंच राहायची. मधल्या तुळईला पोट आलं होतं.

सासू तापानं गेली. मग घरात आम्ही तिघं आणि एक म्हैस. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावाची झोप उडाली. कुठलं तरी गाव लुटलं, कुठं तरी गंजी पेटवल्या, अशा बातम्या रोज यायला लागल्या. तरणी पोरं सरहद्द ओलांडून बार्शीकडं जाऊ लागली, तिकडं निजामाचा हुकूम चालत नव्हता. माझा नवराही गेला. पाऊस पडायच्या आत येतो, म्हणाला. मी भाकरी बांधून दिल्या. त्यानं गाठोडं उचललं, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि गेला. माझ्याकडं बघायचं ते त्यानं म्हशीकडं बघितलं, कारण बाप ओसरीवर उभा होता.

मग घरंच्या घरं गेली. कुलपं लागली, चुली थंडावल्या. शेजारची म्हातारी लेकीकडं गेली. आमच्या गल्लीत आमचंच घर तेवढं उघडं राहिलं. सासऱ्यांना कितीजणांनी समजावलं, पण त्यांचं एकच पालुपद होतं, मी गेलो तर पावसात माळवद कोण बघेल.

आता आमच्या घरात अडचण अशी, की सून सासऱ्याशी बोलत नसे. तोंडावर पदर आणि तोंडाला कुलूप. सासू होती तोवर ती मध्ये असायची, नंतर नवरा होता. तोही गेल्यावर उरली म्हैस. ती ओसरीच्या कडेच्या खणात, आमच्याच छताखाली बांधलेली असायची. सासरे तिच्याकडं तोंड करून म्हणायचे, म्हशे, भाकर झाली असंल तर वाढ म्हनावं. मी आतून म्हणायची, म्हशे, हात धुवा म्हनावं. म्हैस रवंथ करायची. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, घरात वेडी माणसं राहतात. असे दिवसचे दिवस गेले. आपलं नाव कुणाच्या तोंडून ऐकू न येणं ही काय चीज आहे, ते मला त्या उन्हाळ्यात कळलं. कधी कधी मी विहिरीत वाकून स्वतःलाच हाक मारायची.

अखिती आली. सासऱ्यांनी तीन टोपली भरली. त्यांचं, माझं आणि त्याचं. त्याचं सगळ्यात शेवटी, शिगोशीग भरलेलं. दूर गेलेल्याचं टोपलं पडलं नाही तर त्याला घराची वाट सापडत नाही, असं त्यांनी म्हशीला सांगितलं. ते मी वर नेलं. मीच हातानं पसरलं, मीच चोपलं. खोटं कशाला सांगू, मलाही त्यावर विश्वास ठेवावासा वाटत होता. चोपताना मी सारखी बार्शीच्या दिशेनं बघत होते.

पाऊस पडला आणि तो काही आला नाही. श्रावणात झड लागली. झड म्हणजे मोठा पाऊस नव्हे. बारीक, सतत, ऊन नाही, उघडीप नाही, दिवस आणि सांज सारखीच. माळवदाला खरी भीती झडीची. एरवी झड लागली की माणसं घोंगडी पांघरून आपापल्या माळवदावर चढायची आणि गावभर लाकडी चोपण्यांचा आवाज चालायचा. या छतावरून त्या छतावर चौकशा व्हायच्या, तंबाखू मागितली जायची, कुणाची तरी टिंगल चालायची. त्या साली फक्त आमच्या चोपण्याचा आवाज होता. मी दोन ठोके घालायची आणि थांबायची, कुठून उत्तर येतंय का बघायला. सवय दुसरं काय.

उत्तर आलं ते निराळंच. एका सकाळी मागच्या आळीतून धप्प असा दबका आवाज झाला. जाऊन बघितलं तर कुलूप लावलेल्या घराचं माळवद आत बसलेलं. दार उभं, कुलूप शाबूत, आणि वरून बघावं तर आत नुसता चिखल. दुसऱ्या दिवशी आणखी एक घर बसलं. आत माणसं नव्हती हे नशीब. ज्या भीतीनं ती गाव सोडून गेली, त्या भीतीनंच त्यांना वाचवलं.

आमच्या घरात मधल्या खणात गळायला लागलं. गळलं की तिथं माती टाकायची, हा गावाचा नियम. सासऱ्यांनी टाकली. टाकताना पोराचं नाव घेतलं. पुन्हा गळलं, पुन्हा टाकली, पुन्हा त्याच्याच नावानं. आता वरचा सगळा थर त्याचा झाला होता. नदीवर वाकळ धुतलेल्या कुठल्याही बाईला विचारा, कोरडी वाकळ आणि भिजलेली वाकळ यांच्या वजनात काय फरक असतो. मला तो कळत होता. आतलं दार, जे बोटानं ढकललं तरी लागायचं, ते चौकटीत अडकायला लागलं. मग एका दुपारी मधल्या तुळईतून बारीक करकर ऐकू आली.

सासरे तापानं पडले होते, नेमके त्याच तुळईखाली, कारण एवढी माती टाकल्यावर आता तेवढीच जागा कोरडी उरली होती. म्हशीचा खण तर धो धो गळत होता. मी तिला सोडून महादेवाच्या देवळात नेऊन बांधलं. देऊळ दगडी, त्याला माळवदाची भीती नाही. परत आले आणि सासऱ्यांना देवळात चला म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा ध्यानात आलं की सांगायचं कुणामार्फत? म्हैस तर देवळात. मी उंबऱ्यावर तशीच उभी राहिले. वर करकर चालूच होती. शेवटी पदर मागं सारला आणि सरळ बोलले.

"मामा, उठा. देवळात चला. माळवद उतरवावं लागतंय."

ते दचकले. तुळईला भ्याले नव्हते ते माझ्या आवाजाला भ्याले. बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले, बहुतेक पहिल्यांदाच. मग म्हणाले, "वरची माती त्याची हाय. आधी त्याचीच निघंल."

"ठावं हाय मला."

"तरी काढतीस?"

"तुमी खाली हाव, मामा. ते न्हाईत."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. उठले नाहीत. मी खोरं घेतलं आणि शिडी चढले.

वर मी मधून चालले नाही. भिंतीच्या कडेकडेनं गुडघ्यांवर सरकत माती ओढायची आणि अंगणात लोटायची. पाऊस पाठीवर पडत होता. पहिली निघाली ती त्याची. अजून नीट बसली नव्हती, लोण्यासारखी सुटत होती. मी रडत होते का, ते पावसात मलाही कळलं नाही, पण तोंडानं कानडीत काहीबाही चाललं होतं एवढं आठवतं. बहुतेक त्याला शिव्याच देत होते. पाऊस पडायच्या आत येतो म्हणाला होता. त्याच्याखाली माझ्या लग्नापासूनचे थर लागले. त्यांत माझीही टोपली होती. तीही मी खाली लोटली, त्यांचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. मग सासूचे दिवस, मग त्याच्याही मागची, घट्ट, पिवळट, भुसा मिसळलेली माती. पुढं माझ्या हातांतलं त्राण गेलं.

छताला उजेडासाठी एक भोक होतं, साणं म्हणतात त्याला. त्यातून खाली बघितलं तर अंथरूण रिकामं. मग दिसलं, सासरे मधल्या तुळईला गाडीच्या लाकडाचा टेकू लावून, स्वतः त्या टेकूला खांदा देऊन उभे होते. अंगात ताप तसाच होता. मला थांब म्हणाले नाहीत, चालू दे असंही म्हणाले नाहीत. मी पुन्हा खोरं उचललं.

अंधार पडायच्या आत करकर थांबली होती. मी खाली आले तेव्हा अंगणातला ढीग पावसानं विरघळून गल्लीत निघाला होता. पांढरट पाणी उतारानं ओढ्याकडं चाललं होतं. सासरे दारात उभे राहून त्या पाण्याकडं बघत होते. मी चूल पेटवून त्यांना आंबील करून दिली. ती त्यांनी माझ्या हातून घेतली.

त्या झडीत आमच्या गल्लीतली बहुतेक घरं बसली. आमचं गळलं खूप, पण उभं राहिलं. आणि एक नवलाची गोष्ट झाली. म्हैस देवळातून परत आली तरी आम्ही सरळच बोलत राहिलो. मी पदर घ्यायची, पण बोलायची. सासरे गोष्टी सांगायचे. टोळांनी ज्वारीच काय, दोरीवरचं लुगडंसुद्धा कसं कुरतडलं होतं, ही त्यांच्या आईनं सांगितलेली गोष्ट त्यांनी मला किती वेळा तरी सांगितली. मी माहेरच्या ओढ्याचं सांगायची. एकदा संध्याकाळी मी चुलीपुढं होते आणि मागून आवाज आला, "ऊटा आयता?" माझ्या हातातली काटवट पडली. वळून बघितलं तर सासरे. लेकाच्या तोंडून इतकी सालं ऐकून ऐकून त्यांनाही पाठ झालं होतं. उच्चार त्याच्याहून वाईट. आम्ही दोघंही हसलो आणि मग मी काटवट उचलून पुन्हा चुलीकडं वळले. तेवढे आठवडे मी त्या घरात एकटी नव्हते.

मग निजामाचं राज्य गेलं. हैदराबादेकडं फौजा गेल्या, आमच्या गावाला त्याचा नुसता धुरळा दिसला. माणसं परतायला लागली. पडकी घरं बघून बायकांनी गळे काढले, पुरुषांनी डोक्याला फडकी बांधून माती उपसायला सुरुवात केली. कुणाच्या ना कुणाच्या दारात रोज कुणीतरी येत होतं. आमच्या दारात कुणी आलं नाही.

चौकशी केली. कुणी म्हणालं, बार्शीकडच्या छावणीत हिवतापानं आजारी होता. कुणी म्हणालं, सोलापुरात गिरणीवर दिसला. एकानं तर पुण्याचं नाव घेतलं. सासरे प्रत्येकाच्या सांगण्यावर चालत जाऊन आले. सोलापूरलाही जाऊन आले. येताना प्रत्येक वेळी आधी माळवदाकडं बघायचे आणि मग आत यायचे. विहिरीवर एक बाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, जित्या नवऱ्याची माती हिनं ओढ्याला लावली. मी घागर तिथंच ठेवून तिच्यापुढं उभी राहिले आणि विचारलं, तुझं माळवद कुठं आहे गं? तिचं बसलेलं होतं. पण घरी आले तेव्हा ध्यानात आलं, घागर विहिरीवरच राहिली होती.

सासऱ्यांनी मला कधीच दोष दिला नाही. एक शब्द नाही. फक्त सोलापूरहून शेवटचं आले त्या दिवशी ओसरीवर बसले, घाम पुसला आणि तोंड फिरवून म्हणाले, "म्हशे, पानी दे म्हनावं."

मी तांब्या नेऊन ठेवला. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. वाईट वागले नाहीत, उपाशी ठेवलं नाही, माहेरी जा म्हटलं नाही. नुसते पुन्हा म्हशीशी बोलायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते, तेवढी जीभ मला होती. म्हशीशी काय भांडणार?

असेच पावसाळे गेले. ती म्हैस म्हातारी होऊन मेली, तिची रेडी मोठी झाली आणि आमचं बोलणं आता लेकीमार्फत चालायला लागलं. दर अखितीला सासरे तीन टोपली भरत. मी आदल्या दिवशी माळवदावर जाऊन तेवढी जुनी माती खरवडून काढायची. ते अंगणात बसून बघायचे. त्यांनी मला कधी अडवलं नाही. गावानंही हळूहळू तसंच करायला सुरुवात केली, मात्र हे माझ्यापासून घेतलं असं कुणी कबूल करणार नाही. माझा निर्णय चुकला होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण बरोबर असल्यानं घरात दुसरं माणूस येतं असं काही नाही.

सासरे शेवटचे पडले ते उन्हाळ्यात, अखिती तोंडावर असताना. अंथरूण तिथंच, मधल्या तुळईखाली. आता तिला लोखंडासारखा सागाचा टेकू होता. म्हैस बाहेर झाडाखाली होती. मी वाटीतलं पाणी चमच्यानं पाजत होते. त्यांची नजर वर लागली होती.

"पोरी," ते म्हणाले.

मी इकडंतिकडं बघितलं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"औंदा माजं टोपलं टाकू नगस. वजन हुतं."

मी पाण्याचा चमचा वाटीत ठेवला. मग मी विचारलं, "आन त्यांचं?"

बाहेर म्हशीनं शेपटी आपटली तशी त्यांनी मान तिकडं वळवली. मला वाटलं, आता तिलाच सांगतील. पण त्यांनी मान पुन्हा माझ्याकडं फिरवली.

"त्याचं टाक. हलकं भर."

अखिती आली तेव्हा ते नव्हते. मी पांढरीवर, गावाशेजारच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडावर जाऊन माती खणून आणली. जुनी आधीच खरवडली होती. माझं टोपलं वर नेऊन पसरलं. मग त्याचं भरायला बसले. दोन ओंजळी जास्त झाल्या असं वाटलं, त्या परत काढल्या. शिडी धरायला खाली कुणी नव्हतं, म्हणून ती दगडानं नीट अडवली आणि अर्धं टोपलं डोक्यावर घेऊन चढले.